मास्तरांच्या आवाजाचे तुकडे

पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचवायचा तर आवाजाची पेटीच काढून टाकावी लागेल. मास्तर म्हणाले, "काढा. बरीच वापरून झालीय." आणि ते खोटं नव्हतं. उभा जन्म त्यांनी तलावाच्या काठावर उभं राहून पोरांवर ओरडण्यात घालवला होता.

पण त्यांच्या बायकोनं, काकूंनी, ते ऐकलं आणि त्या होत्या तिथंच खाली बसल्या. काकूंना दिसत नव्हतं. काचबिंदूनं त्यांची नजर कधीच खाऊन टाकली होती. तेव्हापासून मास्तर बघायचे आणि सांगायचे, मग काकूंना दिसायचं. आभाळ कसं आहे, समोरच्या गॅलरीत कुणाची चादर वाळतेय, दारात आलेला माणूस हसतोय की नुसतेच दात दाखवतोय, सगळं. आता सांगणाराच मुका होणार होता आणि ऐकणारी आंधळी. मास्तरांनी कागदावर काही लिहिलं तरी काकूंना वाचता येणार नव्हतं, हातवारे केले तरी दिसणार नव्हते. देवानं अगदी हिशेब करून दोघांमधला एकच पूल तोडायला घेतला होता.

जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं, मास्तर दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी तलावावरच सगळ्यांनी जमायचं. मास्तर बोलतील, आपण ऐकू. काकूंनी एकच हट्ट धरला: ते बोलणं नीट टिपून ठेवायचं. म्हणून मग कॅमेरावालीला बोलावणं गेलं.

कॅमेरावाली म्हणजे चाळिशी ओलांडलेली, एकटी, सडसडीत बाई. लग्नं, निरोपसमारंभ, कंपन्यांचे बक्षीस-सोहळे असल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ काढायचा तिचा धंदा. कॅमेरा तिचा, आवाज आणि एडिटिंग तिच्या धाकट्या भावाचं. भाऊ तिला ताई म्हणायचा, बाकी सगळं जग कॅमेरावाली. माणूस कामाला चोख. घेतलं काम अंगाबाहेर टाकलं असं तिच्याबाबतीत कुणी म्हटलं नसतं.

ती बोलणी करायला घरी गेली तेव्हा काकूंनी तिचा हात चाचपून हातात घेतला.

"हे बघ पोरी, चित्र काढू नको असं मी म्हणत नाही. ह्यांच्या विद्यार्थ्यांना हवं असतं. पण मला चित्र काय कामाचं? माझ्यासाठी तू ह्यांचा आवाज घे."

"काकू, काळजीच सोडा," कॅमेरावाली म्हणाली. "तुमच्या कानाशी बसून बोलतायत असा घेते."

इतकं सहज म्हणाली ती. असले शब्द माणूस रोज कुणाला ना कुणाला देत असतो.

कार्यक्रमाच्या दिवशी भावाला दुसरीकडे जावं लागलं. एकाच तारखेला दोन कामं घेतली गेली होती आणि ते दुसरं काम मोठं होतं. भाऊ कुरकुरला, "ताई, त्या तलावाच्या हॉलमध्ये आवाजाचं कठीण आहे हं. मी थांबू का?"

"जा रे. आवाज मी बघते. तू जन्मायच्या आधीपासून मला दोन कान आहेत."

आवाजाचं कठीण होतंच. वर पत्रा, एका बाजूला काचा, बाकी सगळीकडे फरश्या, आणि मध्ये पाणी. तिथं बोललेला शब्द चार ठिकाणी आपटून परत यायचा आणि पुढच्या शब्दाच्या पायात पाय घालायचा. त्यात मागच्या खोलीत पाणी गाळायचा पंप चोवीस तास घुमत असायचा. तिनं चौकीदाराला म्हटलं, "तासभर बंद करा ना." तो म्हणाला, "बंद करतो. उद्या पाणी हिरवं झालं की तुम्हीच येऊन उपसा." लाउडस्पीकर लावायला खुद्द मास्तरांनी नकार दिला. "इतकी वर्षं मी ओरडलो, ह्यांनी लांबून ऐकलं. आज ह्यांनी जवळ यावं."

म्हणजे सगळी मदार मास्तरांच्या कॉलरला लावलेल्या करंगळीएवढ्या माइकवर. त्या माइकमधला आवाज तिच्या कमरेच्या रेकॉर्डरच्या डबीत यायचा. त्या डबीची एक खोड होती. लाल बटण एकदा दाबलं की ती नुसती तयार व्हायची, दिवा उघडझाप करायचा. दुसऱ्यांदा दाबलं की आवाज साठवायला लागायची आणि दिवा स्थिर व्हायचा. कानावरच्या हेडफोनमध्ये मात्र दोन्ही वेळा आवाज तितकाच लख्ख.

तिनं आधी चाचणी घेतली. मास्तरांनी माइकमध्ये सवयीनं आकडे मोजले, "एक, दोन, तीन, श्वास घे, चार, पाच," आणि सगळे हसले. चाचणी उत्तम उतरली. तिनं रेकॉर्डर थांबवला. मागे पंपाच्या खोलीजवळ दुसरा कॅमेरा तिकाटण्यावर होता, तो चालू करून ती पुढे आली. तेवढ्यात कुणी ओळख करून द्यायच्या आधीच मास्तर उठून उभे राहिले आणि बोलायला लागले. तिनं घाईनं लाल बटण दाबलं, आणि त्याच क्षणी कुणाची तरी खुर्ची सरकून पुढच्या कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्या पायाला धडकली. ती झेपावली, कॅमेरा धरला, चौकट सावरली. कानात मास्तर बोलत होते. डोळ्याच्या कडेला लाल रंग दिसत होता. तिचा जीव भांड्यात पडला.

मास्तर आधी विद्यार्थ्यांशी बोलले. मग थांबून त्यांनी बराच वेळ खोकून घेतलं आणि काकूंकडे वळले. म्हणाले, "लग्न झाल्यापासून घरात तूच बोलायचीस आणि मी ऐकायचो. आता फरक एवढाच, की ते डॉक्टरनं लिहून दिलंय." हॉलभर हशा झाला, काकूसुद्धा हसल्या. आणि मग त्यांनी नेहमीसारखं काकूंना सांगायला घेतलं. इथं कोण कोण आलंय, कोण जाड झालंय, कुणाचे केस गेलेत, पाणी आज कसं दिसतंय, काचेतून ऊन कुठपर्यंत आलंय. मध्येच थांबायचे, दम घ्यायचे, "ऐकतेस ना?" म्हणायचे. शेवटी म्हणाले, "आणि पहिल्या रांगेत निळ्या साडीत एक बाई बसलीय. रडू नकोस म्हणून सांगितलं होतं तिला. ऐकत नाही."

लांब बसलेल्यांना यातलं निम्मंही धड ऐकू गेलं नाही. मास्तरांचा आवाज एव्हाना फाटक्या कागदासारखा झाला होता. सगळं काही स्वच्छ ऐकलं ते एका कॅमेरावालीनं. कॉलरवरून, प्रत्येक दम, प्रत्येक घोट. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कॅमेरा तिनं तसूभर हलू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं एडिटिंगच्या खोलीत कार्डं उतरवून घेतली. चित्र सुरेख होतं. मग रेकॉर्डरचं कार्ड लावलं. त्यात एकच फाइल होती. "एक, दोन, तीन, श्वास घे, चार, पाच." आणि हशा.

तिनं कार्ड काढलं, पुसलं, परत लावलं. एकच फाइल. भाऊ चहाचे कप घेऊन आत आला तर ही पडद्याकडे बघत नुसती उभी.

"काय झालं?"

"फाइल दिसत नाहीय."

भावानं खुर्ची ओढली, शोधलं, हरवलेल्या फाइली परत आणायचं सॉफ्टवेअर चालवलं. सापडेल काय? जे लिहिलंच गेलं नव्हतं ते हरवणार कुठून? मग त्यानं पुढच्या कॅमेऱ्याचा आवाज बघितला. तो कॅमेरा आदल्या आठवड्यातल्या कामापासून बाहेरच्या माइकवर ठेवलेला होता, आणि बाहेरचा माइक काल कुणी लावलाच नव्हता. तिथं पडद्यावर नुसती सरळ रेष, आवाज शून्य. मागच्या कॅमेऱ्यात आवाज होता. पंपाचा. आणि पंपाच्या पलीकडे, विहिरीच्या तळाशी कुणीतरी पुटपुटावं तसं काहीतरी.

"ताई," भाऊ हळूच म्हणाला, "दिवा स्थिर होता ना?"

तिला आत्ता, या घडीला, डोळ्याच्या कडेचा तो लाल रंग पुन्हा दिसला. तो लुकलुकत होता. काल तिनं बघितलाही होता आणि बघितला नव्हताही. सगळं करून मुसळ केरात म्हणतात, पण इथं केरात गेलेलं मुसळ काकूंचं होतं.

मग एकदम तिच्या अंगात वारं भरलं. मास्तर पहाटेच दाखल झाले होते, ऑपरेशन आज होतं. पण झालं असेलच असं कुठं होतं? माइक, रेकॉर्डर पिशवीत कोंबून ती धावत सुटली. वाटेत प्रत्येक सिग्नलला ती स्टिअरिंगवर बुक्क्या मारत होती. दहा मिनिटं द्या, मास्तर. काहीही बोला. वर्तमानपत्र वाचून दाखवा. शिव्या द्या मला, त्याच जपून ठेवते.

वॉर्डात मास्तरांचा पलंग रिकामा होता. चादर बदलून झाली होती. नर्स म्हणाली, "त्यांना केव्हाच आत घेतलं."

ती उलटपावली निघणार होती, पण बाहेरच्या बाकावर काकू बसल्या होत्या, आणि बुटांच्या आवाजावरून त्यांनी मान वळवली.

"कॅमेरावाली ना तू? घाईची चाल आहे तुझी. ये, बस."

ती बसली.

"आणलंस का?"

इथं खरं बोलता आलं असतं. नंतर कितीतरी वेळा तिला वाटलं, तेव्हाच बोलायला हवं होतं. पण आत मास्तरांचा गळा उघडा होता आणि बाहेर ही बाई हात पसरून बसली होती.

"काम चालू आहे, काकू. जरा सफाई करतेय आवाजाची."

"कर, कर. मला घाई नाही. डॉक्टर म्हणतात, पुढं काहीतरी झडप बसवतात, यंत्र लावतात, मग बोलता येतं थोडं. बोलतील हे, मला माहीत आहे. जिद्दी आहेत. पण तो आवाज काही ह्यांचा नसणार. ह्यांचा तो तुझ्याजवळ आहे."

कॅमेरावाली त्यांच्या हातावर हात ठेवून बसून राहिली. तिचा हात बर्फासारखा गार पडला होता, पण काकूंना वाटलं, पोरगी ह्यांच्या काळजीनं गारठलीय. त्यांनी तोच हात चोळून ऊब दिली.

त्यानंतरचे दिवस तिनं भिकाऱ्यासारखे काढले. कार्यक्रमाला आलेल्या प्रत्येकाला फोन केला, प्रत्येकाच्या दारात गेली. "तुम्ही मोबाइलवर काही घेतलं होतं का? थोडंसं सुद्धा चालेल." कुणी फक्त फोटो काढले होते. एका वकिलानं सगळं भाषण घेतलं होतं म्हणे, आणि फोन भरला म्हणून परवाच पुसून टाकलं होतं. "तुम्ही होतात ना शूटिंगला, मग मी कशाला ठेवू?" तो म्हणाला. एका बाईनं तलावाच्या पाण्यात पडलेलं ऊन घेतलं होतं, त्याच्या मागे मास्तरांचं एक अख्खं वाक्य होतं, आणि त्याच्यावर त्या बाईचंच, "किती छान ना!" पुढच्या रांगेतल्या एका जाड्या माणसाचा फोन सगळ्यात जवळ होता. त्यात काकूंशी बोललेला थोडा भाग सापडला, पण त्यानं फोन मांडीवर ठेवला होता आणि तो हसला की सगळं गदागदा हादरायचं.

कशाला हवंय, असं कुणी विचारलं की ती सांगायची, "वेगवेगळ्या बाजूंनी असलेलं बरं पडतं." खोटं बोलायची तिला सवय लागायला लागली होती.

बुडत्याला काडीचा आधार. तिनं सगळ्या काड्या गोळा केल्या. पडदे ओढून भाऊ आणि ती तुकडे जुळवायला बसले. एका फोनमधला हशा दुसऱ्या फोनमधल्या हशावर बसवायचा, म्हणजे मधलं बोलणं आपोआप जागेवर यायचं. ओठ बघायचे, शब्द सरकवायचा. पंपाची घरघर काढायला गेलं तर मास्तरांचा आवाजही तिच्याबरोबर निघायचा. माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटायचं. घरघर ठेवली तर माणूसच सापडेना. एवढं करून निम्म्यापेक्षा जास्त भोकंच राहिली. आणि भोकं नेमकी काकूंशी बोललेल्या भागात.

भोकांमधलं सगळं कॅमेरावालीला तोंडपाठ होतं. तिनं ते ऐकलं होतं. डोळे मिटले की अजून कानात वाजत होतं, दमासकट. पण डोक्यातून तार काढून कुठल्या यंत्राला जोडणार?

दुपारी केव्हातरी भावानं खुर्ची मागे ढकलली.

"ताई, एक बोलू? ओरडू नकोस."

"बोल."

"शब्द तुला पाठ आहेत. चाचणीतला त्यांचा स्वच्छ आवाज आपल्याकडे आहे. मोबाइलमधले तुकडे आहेत. एवढ्यावर हल्ली आवाज तयार करता येतो. त्यांचेच शब्द, त्यांचाच आवाज. आपण मनचं काही घालायचं नाही."

ती ओरडली नाही. ओरडायचं त्राणच नव्हतं. तिच्या कानात काकू म्हणत होत्या, ह्यांचा तो तुझ्याजवळ आहे. पण त्याच्याही वर दुसरा आवाज होता: तू त्या बाईला काय तोंड दाखवणार?

"कर," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत झालं. भावानं बटण दाबलं आणि खोलीत मास्तर बोलायला लागले. अगदी ठणठणीत. "लग्न झाल्यापासून घरात तूच बोलायचीस." भाऊ स्वतःच चकित होऊन हसला. "ओळखू येतंय का सांग! आईशपथ, मलाही येणार नाही."

कॅमेरावाली उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ बेसिनला धरून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "फोनवर टाकून दे. आणि ते तुकडे जोडलेलंही टाक."

"ते कशाला?"

"टाक म्हटलं ना."

मास्तरांना एव्हाना खोलीत आणलं होतं. गळ्याला मधोमध भोक, त्यात नळी, नाकातून दुसरी नळी. डोळे तेवढे मास्तरांचे. त्यांनी तिला बघून हात वर केला. काकू त्यांच्या उशापाशी स्टुलावर बसल्या होत्या, एक हात त्यांच्या मनगटावर ठेवून. माणूस आहे एवढं तरी कळत राहावं म्हणून.

"आणलं, काकू," कॅमेरावाली म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. तिनं हेडफोन काकूंच्या कानांवर बसवले, केस मागे सारले, आणि बनवलेली फाइल लावली.

काकूंचा चेहरा असा काही उजळला की कॅमेरावालीला वाटलं, निभावलं. सुटले. ओठ थरथरले, डोळे पाझरायला लागले. हात मास्तरांच्या मनगटावर घट्ट झाला. मग हळूहळू, दिव्याची वात खाली व्हावी तसं ते सगळं मालवत गेलं. कपाळाला आठी पडली. काकू मान तिरकी करून ऐकू लागल्या, दाराबाहेर अनोळखी पावलं वाजल्यावर ऐकावं तशा.

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"हा कोण बोलतोय?"

"काकू, मास्तरच..."

"हे त्या दिवशी एका दमात चार शब्द बोलत नव्हते. हा न थांबता बोलतोय. खोकत नाही, घोट गिळत नाही. हा कोण आहे?"

मास्तरांनी डोळे कॅमेरावालीवर रोखले. रागानं नाही. काय झालंय ते समजून घ्यायचं असलं की विद्यार्थ्याकडे बघायचे तसं. त्या नजरेपुढे ती खचली. पलंगाच्या पायथ्याशी, फरशीवरच बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. बटण, लुकलुकणारा दिवा, दारोदार फिरणं, बनवलेला आवाज. रडत नव्हती; रडण्याचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटत होतं.

नळीतून मास्तरांचा श्वास सूं सूं येत-जात होता.

"म्हणजे नाहीच," शेवटी काकू म्हणाल्या.

"थोडे तुकडे आहेत. खरे. वाईट आहेत, घरघर आहे, मध्येच तुटतात."

"लाव."

तिनं हेडफोनची तार काढली, तुकड्यांची फाइल लावली आणि फोन पलंगावर दोघांच्या मध्ये ठेवला. पंप घुमायला लागला. हॉलचा घुमारा, खुर्च्यांची करकर, आणि लांबून, फार लांबून, खोकला. काकू फोनवर वाकल्या. "हे," त्या पुटपुटल्या. "हे आहेत." फाटका आवाज यायचा, बुडायचा, पुन्हा डोकं वर काढायचा. "किती छान ना!" असं कुणीतरी मोठ्यानं म्हटलं आणि काकूंनी माशी झटकावी तसा हात झटकला. मग जाड्या माणसाच्या मांडीवरचा तुकडा आला: "लग्न झाल्यापासून घरात..." आणि तिथंच भोक.

कॅमेरावालीला राहवलं नाही. ती सांगायला लागली, "पुढं ते म्हणाले, तूच बोलायचीस आणि..."

"तू नको," काकू म्हणाल्या.

त्या इतक्या हळू म्हणाल्या, पण कॅमेरावाली तिथंच थांबली.

"काय म्हणाले ते मला माहीत आहे. मी तिथंच होते ना, पहिल्या रांगेत. मला शब्द नको होते ग पोरी. शब्द कुणीही सांगेल. तू सांगशील, तुझं ते यंत्र सांगेल."

मास्तरांनी मनगट सोडवून घेतलं. काकूंचा हात उलटा केला, तळवा वर, आणि बोटानं त्यावर काहीतरी गिरवायला लागले. काकू दचकल्या. ऑपरेशनच्या आधी त्यांनी याचा विचार केलेला दिसत नव्हता. किंवा केला असेल आणि सांगितला नसेल. एकेक अक्षर, लहान मुलाला शिकवतात तसं मोठं, सावकाश. काकूंना पहिलं अक्षर लागलंच नाही. त्यांनी मान हलवली. मास्तरांनी तळवा पुसल्यासारखा केला आणि पुन्हा काढलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा काकू एकदम रडायला लागल्या, मोठ्यानं, पोटापासून. "मला येत नाही हो! येत नाही मला!" म्हणत त्यांनी हात ओढून घेतला आणि पदरात लपवला.

मास्तरांनी तोंड उघडलं. सवयीनं. त्यातून काही आलं नाही. नळीतून नुसता वारा आला.

कॅमेरावाली फरशीवरून उठली. तिला आता एक क्षणही तिथं थांबवेना आणि पायही निघेना. दाराशी पोचली तेव्हा काकू मागून म्हणाल्या, "तो फोनमधला काय तो, मला कशात तरी भरून दे. तुकड्यांचा. दुसरा पुसून टाक. माझ्यासमोर पूस."

तिनं पुसला. "पुसला, काकू."

"मी तुला माफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

"जा आता."

जिन्यातून उतरताना भाऊ खाली थांबलेला दिसला. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिनं गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली. घरी पोचेपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. आणि तिला कळत होतं की कानात अजून मास्तर बोलतायत, दमासकट, स्वच्छ, जगात दुसऱ्या कुणालाही ऐकू न येणारे. हे तिला आता मरेपर्यंत बाळगायचं होतं. कुणाला देताही येणार नव्हतं आणि टाकताही.

तिनं काम सोडलं नाही. सोडून करणार काय? पण आवाजाला ती पुन्हा हात लावीना. भाऊ नसेल तर ते कामच घ्यायची नाही. भाऊ कधी चिडायचा, "झालं ते झालं, ताई. किती दिवस उगाळणार?" ती म्हणायची, "मी कुठं काय म्हणतेय?" आणि लेन्स पुसत बसायची.

बरेच महिने गेले. एके दिवशी सकाळी काकूंचा फोन आला.

"कॅमेरावाली का?"

"बोला, काकू." ती खुर्चीतून उठून उभी राहिली होती.

"ह्यांना झडप बसवलीय. बोलतात थोडं. कावळ्यासारखा आवाज आहे अगदी. आधी मी कान झाकून घ्यायचे. आता घेत नाही. काल मला म्हणाले, समोरच्या गॅलरीत नवा भाडेकरू आलाय, चड्ड्या वाळत घालायचं त्याला वळण नाही. हाही आवाज एखाद दिवशी जाईल. तर म्हटलं, आत्ताच घेऊन ठेवावा."

"हो, काकू. तुम्ही म्हणाल तेव्हा."

"तुझ्या भावाला पाठव."

"पाठवते."

"तू नको येऊस. अजून नको."

"बरं, काकू."

ठरल्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं भावाची बॅग भरली. त्याला गाडीतून तिथवर घेऊनही गेली. गल्लीत गाडी लावली तेव्हा भाऊ म्हणाला, "चल ना वर. काही म्हणणार नाहीत त्या."

"मला बोलावलेलं नाही."

तो जिना चढून गेला. वर दार उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला. तिनं गाडीची काच खाली केली. मास्तरांच्या घराची खिडकी उघडी होती, पडदा हलत होता. समोरच्या गॅलरीत खरंच कपडे वेडेवाकडे वाळत होते. गाडीच्या बाजूनं एक भाजीवाला ओरडत गेला, शाळेतून सुटलेल्या मुली मोठमोठ्यानं भांडत गेल्या, कुणीतरी पाण्याची मोटर चालू केली. कॅमेरावालीनं मान बाहेर काढून पुष्कळ कान दिला. वरचं काही ऐकू येत नव्हतं.